विदर्भातील शिळावर्तुळ कसे ओळखावे आणि त्याची नोंद कशी करावी

नागपूर शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलेल्या मुरमाड माळांवर, तसेच वर्धा जिल्ह्याच्या काही भागांत, मोठ्या धोंड्यांची वर्तुळे ठिकठिकाणी दिसतात. कडेने एकमेकांना खेटून मांडलेले काळे धोंडे आणि आत दगडगोट्यांनी भरलेला, किंचित फुगीर भाग असे त्यांचे रूप असते. ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या महापाषाणीय, म्हणजे दफनांवर मोठे दगड मांडणाऱ्या, समाजाची दफने आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, रायपूर, बोरगाव, भागीमोहरी आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही त्यांची उत्खननामुळे माहीत झालेली ठिकाणे आहेत. परंतु त्यांच्याखेरीज शेतांच्या कडेला, तलावांच्या वरच्या अंगाला आणि झुडपी जंगलात अशी पुष्कळ वर्तुळे आहेत, ज्यांचे साधे मोजमापही झालेले नाही. शेत सपाट करताना, मुरूम उचलताना किंवा नवे ले-आउट पाडताना ती एखाद्या दिवसात नाहीशी होतात. सुटीच्या दिवशी माळावर जाणाऱ्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला किंवा त्याच गावातल्या शेतकऱ्याला टेप, वही आणि मोबाइल एवढ्यावर करता येईल अशा नोंदीची पद्धत पुढे दिली आहे.

खोदकाम या पद्धतीत बसत नाही, आणि ते का बसत नाही हे प्रारंभीच सांगितलेले बरे. दफनातली माहिती वस्तूंपेक्षा त्यांच्या जागेत अधिक असते. नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७०-७२ मध्ये माहुरझरी येथे जे उत्खनन केले, त्यात लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याची भांडी, मणी आणि घोड्याच्या तोंडावर बांधण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. यांपैकी कोणती वस्तू मानवी हाडांजवळ होती, कोणती घोड्याच्या हाडांजवळ होती आणि कोणती मडक्यांच्या ढिगाशेजारी ठेवली होती, हे थरागणिक टिपले गेल्यामुळेच त्या समाजात घोड्याला काय स्थान होते याविषयी काही बोलता येते. तीच कुऱ्हाड कोणी कुतूहलाने उपसून घरी नेली, तर ती केवळ गंजलेल्या लोखंडाचा तुकडा उरते. पृष्ठभागावरची नोंद मात्र काहीही न हलवता करता येते, आणि पुढे वर्तुळ नष्ट झाले तरी ती शिल्लक राहते.

निघण्यापूर्वी

ऋतूची निवड महत्त्वाची आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने गवत कंबरेएवढे वाढते व धोंडे पूर्णपणे झाकले जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून जमीन उघडी पडते व वर्तुळे अधिक स्पष्ट दिसतात, पण तेव्हा काम सकाळी दहाच्या आत संपवावे लागते. मे महिन्यातल्या विदर्भात सावली नसलेल्या माळावर दुपारी मोजमाप करीत बसणे हा शहाणपणा नव्हे. धोंड्यांच्या फटींत साप आणि विंचू असतात, म्हणून पायांत बूट असावेत आणि दिसत नाही अशा फटीत हात घालू नये.

घरी बसून गूगल अर्थवर त्या परिसराची छायाचित्रे पाहावीत. जुन्या तारखांची छायाचित्रे पाहण्याची सोय तिथे आहे, तिचा उपयोग करून उन्हाळ्यातली छायाचित्रे निवडावीत. त्यांत शिळावर्तुळ ठिपक्याठिपक्यांच्या गोल कडेसारखे दिसते आणि आतला रंग भोवतालच्या जमिनीहून वेगळा असतो. मात्र खळ्याची जुनी जागा, कठडा नसलेली विहीर, मेंढ्यांचे वाडगे आणि एकट्या झाडाची सावली ही सारीही वरून तशीच दिसतात, त्यामुळे पडद्यावर सापडलेली जागा ही केवळ जाऊन पाहण्याची जागा समजावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा सोबत घेतल्यास नाले, तलाव आणि उंचसखलपणा समजतो. ही दफने बहुधा पिकाऊ काळ्या जमिनीत न करता तिच्या कडेच्या, पाण्यापासून फार दूर नसलेल्या मुरमाड उतारावर केलेली असतात, ही गोष्ट शोध घेताना फार उपयोगी पडते.

जमीन कोणाची आहे हे गावात विचारून घ्यावे आणि मालकाची परवानगी घ्यावी. पोलीस पाटील किंवा सरपंचांना आधी भेटणे चांगले, कारण माळावर टेप घेऊन फिरणारी अनोळखी माणसे दिसली की गावात पहिला संशय गुप्तधनाचा किंवा जमीन संपादनाचा येतो. आपण काय करणार आहोत आणि काय करणार नाही, हे दोन वाक्यांत सांगितले की पुष्कळदा गावातलेच एखादे वयस्क गृहस्थ सोबत येतात आणि नकाशावर नसलेल्या चार जागा दाखवतात. या वर्तुळांना गवळ्यांच्या वस्तीचे अवशेष मानण्याची समजूत एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही आढळते. गावकऱ्यांनी सांगितलेली अशी माहिती आणि त्या माळाला गावात असलेले नाव वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे; त्यावर तिथेच वाद घालू नये.

शिळावर्तुळ की नुसते धोंडे

या कामातला सर्वांत अवघड भाग ओळख पटवण्याचा आहे, आणि नवख्या माणसाचा वेळ इथेच सर्वांत जास्त जातो. नागपूरच्या पश्चिमेचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. हा खडक झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि मागे गोलसर धोंडे उरतात. असे नैसर्गिक धोंडे माळभर विखुरलेले असतात, आणि एखाद्या ठिकाणी ते योगायोगाने अर्धवर्तुळासारखे दिसतात. त्यामुळे एका खुणेवर विसंबून न राहता अनेक खुणा एकत्र जुळतात का, हे पाहिले पाहिजे.

पहिली खूण मांडणीची आहे. खऱ्या वर्तुळात कडेचे धोंडे साधारण एकाच आकारमानाचे निवडलेले असतात, ते एकमेकांना लागून बसवलेले असतात आणि वर्तुळाच्या मधोमध उभे राहून पाहिल्यास सगळीकडचे अंतर जवळपास सारखे भरते. काही धोंडे हरवलेले असले तरी उरलेले धोंडे त्याच वक्ररेषेवर येतात. व्यास बहुतेक वेळा १० ते २० मीटरच्या दरम्यान असतो. याहून लहान किंवा मोठी वर्तुळेही असतात, परंतु चार-पाच पावलांत ओलांडता येईल असे कडे समोर आले, तर ते चुलीचे, झाडाच्या आळ्याचे किंवा वाडग्याचे असण्याची शक्यता अधिक समजावी.

दुसरी खूण आतल्या भरावाची. कडेच्या मोठ्या धोंड्यांच्या आत मूठ ते डोके या आकाराच्या दगडगोट्यांचा थर पसरलेला असतो आणि त्यामुळे मधला भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंच, पालथ्या ताटलीसारखा दिसतो. हा उंचवटा कधी गुडघ्याएवढा असतो, तर कधी इतका कमी असतो की तो भर दुपारी कळतही नाही. सूर्य कलल्यावर जमिनीच्या पातळीवर डोळे आणून पाहिले की सावलीमुळे तो स्पष्ट होतो, म्हणून संशयास्पद जागा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी पुन्हा पाहावी.

तिसरी खूण मातीची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत विश्वासार्ह आहे. विदर्भातल्या उत्खननांत दगडगोट्यांच्या थराखाली चिकट काळ्या मातीचा भराव वारंवार आढळला आहे. भोवताली तांबूस मुरूम असताना वर्तुळाच्या आत, जिथे गोटे विसकटले आहेत किंवा एखाद्या जनावराने बीळ उकरले आहे तिथे, काळी माती बाहेर आलेली दिसते. उन्हाळ्यात तिला भेगाही पडतात. मुरमाड उतारावर ही माती आपोआप येत नाही. खालच्या शेतांतून किंवा नाल्याकाठून ती कोणीतरी टोपल्यांनी वाहून आणलेली असली पाहिजे. बिळाच्या तोंडाशी पडलेली माती पाहावी, पण बीळ रुंद करू नये.

चौथी खूण सोबतीची. अशी वर्तुळे एकटीदुकटी क्वचितच असतात. जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे असल्याचे सांगितले जाते. एक वर्तुळ सापडले की त्याच उताराच्या समान उंचीवरून चालत जावे; शंभर-दोनशे मीटरच्या आत दुसरे मिळाले, तर पहिल्याविषयीचा संशय बराचसा फिटतो.

शेतकऱ्याने नांगरताना वेचून बांधावर, म्हणजे तिकडच्या भाषेत धुऱ्यावर, रचलेल्या दगडांचा ढीग दफनाच्या उंचवट्यासारखा भासू शकतो. अशा ढिगात सर्व आकारांचे दगड सरमिसळ पडलेले असतात, त्याला ठरावीक कड नसते आणि दगडांवर नांगराचे ताजे ओरखडे सापडतात. उलट, एखाद्या धुऱ्यात अचानक एकाच आकाराचे मोठाले धोंडे ओळीने बसवलेले दिसले, तर ते जवळच्या एखाद्या मोडलेल्या वर्तुळातून आणलेले असू शकतात, आणि मग त्या शेताचीही पाहणी करावी.

मोजमाप आणि नोंद

जागा निश्चित झाल्यावर प्रथम मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत. वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे आकडे स्थिर होतात. अंश दशांश रूपात, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत. मोबाइलच्या अचूकतेत चार-पाच मीटरचा फरक राहतोच, म्हणून शेजारच्या दोन कायमच्या खुणांपासूनचे अंतरही लिहावे. विजेचा खांब, विहीर, तलावाच्या पाळीचे टोक अशा खुणा चालतात. झाड चालत नाही, कारण ते तोडले जाते.

त्यानंतर दोन व्यास मोजावेत, एक उत्तर-दक्षिण आणि दुसरा पूर्व-पश्चिम. दिशा ठरवताना होकायंत्र धोंड्यावर ठेवू नये. बेसॉल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिज असते आणि त्यामुळे सुई कित्येक अंशांनी फिरू शकते. एकाच धोंड्याच्या दोन बाजूंना होकायंत्र नेऊन पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो. धोंड्यांपासून काही पावले दूर, कंबरेच्या उंचीवर धरून, दोन वेगवेगळ्या जागांवरून दिशा घ्यावी आणि दोन्ही जुळल्यावरच वहीत लिहावी. मोबाइलमधल्या होकायंत्रालाही हेच लागू आहे.

व्यास कडेच्या धोंड्यांच्या बाहेरच्या अंगापासून मोजला की आतल्या अंगापासून, हे न लिहिल्यास आकडा निरुपयोगी ठरतो, कारण धोंडे मीटरभर जाडीचे असतील तर दोन्हींत दोन मीटरचा फरक पडतो. शक्य असल्यास दोन्ही मापे घ्यावीत. टेप धरण्यासाठी मध्यभागी खुंटी ठोकू नये. एक माणूस टेपचे टोक धरून उभा राहिला तरी पुरते.

मग उत्तरेकडच्या धोंड्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने प्रत्येक धोंड्याला क्रमांक द्यावा. हे क्रमांक फक्त वहीत असावेत, दगडावर खडूने किंवा रंगाने लिहू नयेत. प्रत्येक क्रमांकापुढे लांबी, रुंदी, जमिनीवर दिसणारी उंची, धोंडा उभा आहे की कललेला की पडलेला, शेजारच्या धोंड्यापासूनचे अंतर आणि काही विशेष असल्यास ते लिहावे. जिथे धोंडा असायला हवा आणि नाही, तिथे रिकामी जागा असे लिहून तिलाही क्रमांक द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि पंधराव्या धोंड्यानंतर अंदाजाने आकडे भरण्याचा मोह होतो; तसे होऊ लागले की काम थांबवून पाणी प्यावे आणि एक जण मोजणारा, एक जण लिहिणारा अशी अदलाबदल करावी.

चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर धरून आराखडा काढावा. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. उत्तर दिशा, प्रमाण, तारीख आणि मोजणाऱ्यांची नावे आराखड्यावरच असावीत, वेगळ्या पानावर नव्हेत. छायाचित्रे चारही दिशांनी घ्यावीत आणि प्रत्येकात मोजपट्टी किंवा ज्याची लांबी ठाऊक आहे अशी काठी ठेवावी. पाण्याची बाटली किंवा चप्पल ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक असली, तरी बाटल्या अनेक मापांच्या असतात. ड्रोन वापरायचा असल्यास, विशेषतः संरक्षित जागी, आधी परवानगी घ्यावी लागते.

खापरे दिसल्यास ती उचलून न नेता जागेवरच छायाचित्र घ्यावे. तोंडाकडचा व आतला भाग काळा आणि बाहेरचा खालचा भाग तांबडा अशी काळी-तांबडी खापरे, तसेच उन्हात अभ्रकाच्या कणांमुळे चमकणारी तांबडी खापरे या संस्कृतीशी निगडित आहेत. लोखंडाचे कीट, म्हणजे वितळवताना उरलेली जड व सच्छिद्र मळी, वर्तुळांपासून दूर, नदीकडच्या बाजूला दिसली, तर ती स्वतंत्रपणे नोंदवावी. नैकुंड येथे १९७८-८० च्या सुमारास देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली होती, आणि दफने व वस्ती यांची जोडी लागणे अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचे असते. नदीकाठी भुरकट पांढरी माती आणि खापरांचा सडा असलेले टेकाड असेल, किंवा गावकरी एखाद्या जागेला रिठी, म्हणजे उजाड झालेल्या गावाची जागा, म्हणत असतील, तर तिथेही एक चक्कर टाकावी.

धोंड्यांवरचे खळगे

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथली काही वर्तुळे उघडली आणि या खळग्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केले. खळग्यांचा संबंध तारे किंवा सूर्याच्या स्थितीशी जोडणारे विवेचनही झाले आहे. नोंद करताना मात्र अर्थ बाजूला ठेवून फक्त जे दिसते ते लिहावे, कारण मनात अर्थ धरून पाहणाऱ्याला नसलेला खळगाही दिसू लागतो.

बेसॉल्टमध्ये लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या नैसर्गिक पोकळ्या असतात, आणि त्या व मानवी खळगे यांत फरक करता आला पाहिजे. नैसर्गिक पोकळ्या लहानमोठ्या असतात, कशाही विखुरलेल्या असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. काहींत पांढऱ्या खनिजाचे स्फटिक शिल्लक असतात. माणसाने केलेले खळगे एकाच आकारमानाचे, उथळ आणि गुळगुळीत बुडाचे असतात आणि ते रांगेत किंवा जोडओळीत येतात. ते दिसावेत म्हणून त्यांत खडू, कुंकू किंवा चुना भरणे हे सर्रास चालते आणि ते सर्वस्वी अयोग्य आहे. अंधार पडू लागल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकावा. एकेक खळगा सावलीने भरून येतो आणि छायाचित्रही उत्तम निघते. खळग्यांची संख्या, व्यास, खोली आणि ते असलेला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढे लिहिले म्हणजे पुरे.

खड्डा पडलेला असल्यास

पुष्कळ वर्तुळांच्या मधोमध खड्डा दिसतो. तो जुन्या काळच्या शोधकांनी, गुप्तधनाच्या आशेने खणणाऱ्यांनी किंवा मुरूम काढणाऱ्यांनी पाडलेला असतो. सोन्याचे अलंकार या दफनांत अगदी मोजक्या ठिकाणी मिळाले आहेत. बहुतेकांत खापरे, गंजलेले लोखंड आणि हाडांचे तुकडे असतात, आणि काहींत हाडेही नसतात. गावात हे आवर्जून सांगावे, कारण सोन्याच्या अफवेने जितकी वर्तुळे फोडली गेली असतील तितकी नांगराने क्वचितच फोडली असतील. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आणि कडा ताज्या आहेत की गवताने झाकल्या आहेत, याची नोंद करावी. खड्ड्यात उतरू नये व तो बुजवूही नये. ताजा खड्डा आणि यंत्राच्या चाकांच्या खुणा दिसल्यास लांबून छायाचित्र घेऊन त्याच दिवशी कळवावे. तिथे उपस्थित असलेल्यांशी हुज्जत घालू नये.

कोणाला कळवावे

नागपूर जिल्ह्यातली अनेक शिळावर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. २०१० च्या सुधारणेनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असते, आणि स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यादीबाहेरच्या जागांसाठी राज्याचा १९६० चा अधिनियम आहे, ज्याखाली राज्य शासन एखादे स्थळ संरक्षित घोषित करू शकते. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. शेत नांगरताना सहज वर आलेली तांब्याची वाटीही त्यात येते.

संरक्षित जागेबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि इतर जागांबाबत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लिहावे. जागा कोणत्या यादीत आहे हे ठाऊक नसेल तर दोघांनाही एकच पत्र पाठवावे आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्यावी. पत्र एका पानाचे असावे. त्यात गाव, तालुका, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, वर्तुळांची संख्या, सध्याचा धोका आणि पाहणीची तारीख एवढे मुद्दे यावेत. आराखडे व छायाचित्रे सोबत जोडावीत. पत्राची पोच घेऊन ठेवावी. समाजमाध्यमांवर नेमके स्थान टाकू नये, तालुक्यापर्यंतचा उल्लेख पुरेसा आहे. मूळ वही आपल्याकडे ठेवून तिची एक प्रत नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे आणि शक्य झाल्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे द्यावी. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा जावे, त्याच चार दिशांनी छायाचित्रे घ्यावीत, धोंड्यांचे क्रमांक जुन्या वहीशी ताडून पाहावेत आणि एखादा क्रमांक कमी भरला तर दुसरे पत्र पहिल्या पत्राचा जावक क्रमांक देऊन पाठवावे.